मत आणि मत्ता

‘मत’ आणि ‘मत्ता’ हे दोन शब्द कानाला सख्ख्या भावांसारखे लागतात. पण व्युत्पत्ती पाहू गेल्यास त्यांचे काडीचेही नाते नाही. पहिला संस्कृतातून आलेला, दुसरा अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्या दप्तरांत शिरलेला. मराठी शब्दकोशात ते शेजारी बसले हा निव्वळ योगायोग होय. राज्यकारभाराच्या इतिहासात मात्र या दोघांचा घरोबा फार जुना आहे. ज्याच्यापाशी मत्ता त्यालाच मत, आणि जितकी मत्ता अधिक तितके मताचे वजन अधिक, हा नियम मनुष्यजातीने इतकी शतके पाळला की सर्वांना सारखे एक मत ही कल्पनाच काल-परवाची म्हणावी लागेल. हा घरोबा कसा चालला, कसा मोडला, आणि खरोखरच मोडला की काय, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्याकडे शिवाजीमहाराज तोरणा घेऊन स्वराज्याचा पाया घालीत होते, त्याच सुमारास लंडनजवळच्या पटनी गावातील चर्चमध्ये एक विलक्षण वादविवाद चालला होता. साल १६४७, महिना ऑक्टोबर. चार्ल्स राजाचा रणांगणावर पराभव झालेला, विजयी सैन्याचे अधिकारी आणि साध्या शिपायांनी निवडून दिलेले त्यांचे प्रतिनिधी एकत्र बसलेले, अध्यक्षस्थानी क्रॉमवेल. पुढे राज्य कसे चालवावे हा प्रश्न. शिपायांच्या बाजूने कर्नल रेन्सबरो उभा राहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, इंग्लंडातल्या दरिद्रातल्या दरिद्री माणसालाही श्रीमंताप्रमाणेच एक आयुष्य कंठावयाचे असते. मग ज्या सरकारच्या हुकुमाखाली त्याने राहावयाचे, त्याला त्याची संमती नको काय? त्यावर क्रॉमवेलचा जावई आयर्टन याने दिलेले उत्तर आजही वाचण्यासारखे आहे, कारण पुढची तीनशे वर्षे जगातील सगळ्या मालमत्तावाल्यांनी तेच उत्तर निरनिराळ्या भाषांत दिले. ज्याचे या देशात काही स्थिर हितसंबंध नाहीत, जो आज येथे तर उद्या तेथे, त्याला राज्याचा कारभार ठरविण्याचा हक्क कसा देता येईल? आणि दिला, तर बहुसंख्य निर्धन लोक मतांच्या जोरावर मालमत्तेचा हक्कच नाहीसा करणार नाहीत कशावरून?

त्यावर शिपायांपैकी सेक्स्बी याने जे विचारले त्याला आयर्टनपाशी सरळ उत्तर नव्हते. आम्ही लढलो, प्राण धोक्यात घातले, ते आमच्या जन्मसिद्ध हक्कासाठी. आता तुम्ही म्हणता की जमीन नाही म्हणून आमचा हक्कच नाही. तर मग आम्ही लढलो कशासाठी? वाद तेथेच राहिला. पुढच्याच वर्षी रेन्सबरो मारला गेला. चर्चमधील भाषणांची टिपणे विल्यम क्लार्क नावाच्या चिटणिसाने लघुलिपीने उतरून घेतली होती. ती पुढे ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथसंग्रहात पडून राहिली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात छापून निघाली. तोपर्यंत इंग्लंडचा इतिहास शिकणाऱ्या आमच्या जुन्या पदवीधरांना या भाषणांचा गंधही नव्हता. वर्षाकाठी चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन असणाऱ्यालाच परगण्याचा मतदार मानावे, हा १४३० सालचा कायदा तेवढा त्यांना तोंडपाठ होता.

आयर्टनचा विचार त्याचा स्वतःचा होता असे मात्र नाही. प्राचीन रोममध्ये लोकांच्या ज्या सभेत कॉन्सल निवडले जात, तिची रचनाच मत्तेवर बेतलेली होती. नागरिकांचे एकशे त्र्याण्णव गट, आणि प्रत्येक गटाला एक मत. घोडेस्वारांचे अठरा आणि पहिल्या धनिक वर्गाचे ऐंशी मिळून अठ्ठ्याण्णव झाले की बहुमत पुरे. खालच्या वर्गांना हाक मारण्याची पाळीच येऊ नये! ज्यांच्यापाशी संततीवाचून दुसरी संपत्ती नाही अशा सगळ्या लोकांचा मिळून एकच गट. सिसेरोसारख्या विद्वानाने या रचनेची स्तुती केली आहे. सर्वांना मत असावे, पण संख्येच्या हाती सत्ता जाऊ नये, हे यात साधते असे त्याचे म्हणणे. सर्वांना मत देऊन त्यातला अर्थ तेवढा काढून घ्यावयाचा, ही युक्ती फार पुरातन आहे हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. तिची गाठ पुन्हा पडणार आहे.

या युक्तीचे अगदी हिशेबी, वहीखात्यासारखे चोख रूप पाहावयाचे असेल तर प्रशियाकडे वळले पाहिजे. १८४८ साली युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला होता. बर्लिनच्या रस्त्यांवरही रक्त सांडले, आणि घाबरलेल्या राजाने लोकांना मताधिकार दिला. वणवा विझताच १८४९ च्या मे महिन्यात त्याने नवा हुकूम काढला. मताधिकार परत घेतला नाही. चोवीस वर्षांवरील पुरुषांचे मत कायम ठेवले. फक्त मतदारसंघातील एकूण प्रत्यक्ष कराची रक्कम काढावयाची आणि तिचे तीन सारखे भाग करावयाचे. सर्वांत मोठा करदाता प्रथम घ्यावयाचा, मग त्याच्या खालचा. अशा क्रमाने कराचा पहिला तृतीयांश पुरा झाला की तो पहिला वर्ग. दुसरा तृतीयांश भरणारे ते दुसऱ्या वर्गात, आणि उरलेले सारे तिसऱ्यात. तीनही वर्गांनी सारख्याच संख्येने निर्वाचक निवडावयाचे आणि त्या निर्वाचकांनी मग विधिमंडळाचे सभासद निवडावयाचे. आरंभी पहिल्या वर्गात शेकडा पाचांहून कमी, दुसऱ्यात सुमारे तेरा आणि तिसऱ्यात ब्याऐंशींहून अधिक मतदार पडले. म्हणजे वरच्या पाचांचा शब्द खालच्या ब्याऐंशींच्या शब्दाच्या तोलाचा. शिवाय मत गुप्त नव्हते. नाव पुकारले की सर्वांसमक्ष उठून तोंडाने सांगावयाचे. एल्ब नदीच्या पूर्वेला मोठमोठ्या जमीनदारांच्या इस्टेटी होत्या. तेथे मालकाचा कारभारी समोर बसला असता त्याच्या शेतावर राबणारा मजूर कोणाचे नाव घेत असेल, हे सांगावयास नको.

याच पद्धतीने नगरसभाही निवडल्या जात. ऱ्हूर भागातील एसेन शहरात क्रुप घराण्याचा पोलादाचा आणि तोफांचा अवाढव्य कारखाना होता. शहराच्या कराचा एक तृतीयांश एकटा क्रुपच भरी. त्यामुळे काही वर्षे पहिल्या वर्गात तो एकटाच मतदार होता. नगरसभेचे एक तृतीयांश सभासद एका माणसाने निवडावयाचे! त्याच शहरातले त्याचे हजारो मजूर तिसऱ्या वर्गात दाटीवाटीने उभे. बर्लिनला याच्या अगदी उलट गंमत झाली. पुढे वर्गांची वाटणी लहान लहान पेठांच्या हिशेबाने होऊ लागली. तेव्हा अतिश्रीमंतांच्या पेठेत राहणाऱ्या बड्या अंमलदारांचीही पत राहिली नाही. १९०३ साली खुद्द साम्राज्याचा चॅन्सेलर ब्यूलो याला तिसऱ्या वर्गात मत द्यावे लागले. लौकिक, विद्या, अधिकार यांपैकी कशालाही या तराजूत वजन नव्हते. वजन होते ते फक्त कराच्या पावतीला.

यातली सर्वांत बोधप्रद गोष्ट आम्हांला १८९१ ची वाटते. त्या वर्षी अर्थमंत्री मिकेल याने प्राप्तिकराची नवी पद्धत आणली. उत्पन्न वाढेल तसा कराचा दर वाढत जाणारी. गरिबाला न्याय देणारी सुधारणा म्हणून तिची आजही वाखाणणी होते, आणि ती योग्यच आहे. पण मताचे माप कराच्या रकमेवर बसलेले असल्यामुळे श्रीमंतावर कर वाढताच त्याच्या मताचे वजनही वाढले, आणि गरिबाचा कर हलका होताच त्याचे मत आणखी हलके झाले. मूळ पाया वाकडा असला की त्यावर सरळ बांधलेली भिंतही वाकडीच उभी राहते. हे ध्यानात आल्यावर कर न भरणाऱ्याच्या नावे तीन मार्कांचा खोटाच कर धरावा अशी मखलाशी करण्यात आली. तिने फारसे काही साधले नाही.

आता जर्मन राजकारणातली विसंगती पाहा. बिस्मार्कने १८६७ मध्ये या तीन वर्गांच्या पद्धतीइतका विपरीत आणि हीन निवडणूक कायदा कोणत्याही राज्यात झाला नसेल असे उद्गार काढले आणि संघराज्याच्या राइश्टागसाठी सर्व प्रौढ पुरुषांना समान व गुप्त मत दिले. बिस्मार्क काही लोकशाहीचा भक्त नव्हता. खेड्यातला राजनिष्ठ शेतकरी शहरातल्या उदारमतवादी व्यापाऱ्याला मागे सारील हा त्याचा हिशेब होता. पण परिणाम असा की एकाच मजुराला एकाच शहरात राइश्टागच्या निवडणुकीत पूर्ण मत आणि प्रशियाच्या विधिमंडळाच्या निवडणुकीत मताची केवळ सावली मिळे. १९०८ साली समाजवादी पक्षाला प्रशियात जवळजवळ शेकडा चोवीस मते पडली आणि ४४३ जागांपैकी जागा मिळाल्या सात. याहून किती तरी कमी मते मिळविणाऱ्या परंपरावादी पक्षाला दीडशेहून अधिक. चार वर्षांनी राइश्टागमध्ये तोच समाजवादी पक्ष ३९७ पैकी ११० जागा घेऊन सर्वांत मोठा ठरला. साम्राज्याचा जवळजवळ दोन तृतीयांश मुलूख प्रशियाचा. त्यामुळे एका सभेने पुढे जाऊ म्हणावे आणि दुसरीने पाय ओढावा, हा खेळ महायुद्धापर्यंत चालला. १९१७ च्या ईस्टरला, शिपाई खंदकांत मरत असता, कैसरने सुधारणेचे वचन दिले. सेक्स्बीचा प्रश्न त्याच्याही कानी पोचला असावा! वचन पुरे होण्याच्या आत, नोव्हेंबर १९१८ मध्ये, कैसर गेला आणि त्याच्याबरोबर तीन वर्गही गेले. ज्या मजुरांना सत्तर वर्षे विधिमंडळ आपले कधी वाटलेच नव्हते, त्यांना लोकराज्याची चाड एका रात्रीत उत्पन्न व्हावी ही अपेक्षा किती फोल होती हे त्यानंतरच्या पंधरा वर्षांत दिसून आले. तीन वर्गांची पद्धत हेच नंतरच्या अनर्थाचे कारण होते असे आम्ही म्हणत नाही. कारणे पुष्कळ होती. पण त्या यादीत तिला स्थान दिल्यावाचून गत्यंतर नाही.

येथपर्यंत वाचून आमचा सुशिक्षित वाचक मनाशी म्हणत असेल की धनाला मत देणे वाईटच. विद्येला दिले असते तर गोष्ट निराळी होती. हा विचार आपल्या वर्गाला फार प्रिय आहे, आणि त्याला थोर आधारही आहे. आगरकरांच्या पिढीने ज्याला गुरुस्थानी मानले त्या मिल्लने १८६१ साली लिहिले की मत सर्वांना असावे, पण सुशिक्षितांना एकाहून अधिक मते असावीत. इंग्लंडात विद्यापीठांचे स्वतंत्र प्रतिनिधी १९४८ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत होतेच. मिल्लविषयी आदर बाळगूनही आम्हांला एवढे विचारावेसे वाटते की, ज्या समाजात शाळेची पायरी चढण्यासच पैसा लागतो, किंबहुना जेथे पिढ्यानुपिढ्या कित्येक जातींना ती पायरी चढूच दिली नाही, तेथे विद्येचे मत म्हणजे दुसऱ्या वेषातले मत्तेचेच मत नव्हे काय?

आता आपल्याकडे येऊ. मुंबई नगरपालिकेच्या १८७२ च्या कायद्याने चौसष्टांपैकी निम्मे सभासद करदात्यांनी निवडावयाचे ठरले. पण करदाता म्हणजे वर्षाला निदान पन्नास रुपये कर भरणारा. ज्यांच्या श्रमावर गिरण्यांची धुराडी उभी राहिली ते परळ-लालबागचे लोक एकेका खोलीत दहा-दहा जण राहत. त्यांना या निवडणुकीची खबर गावच्या जत्रेइतकीही नसे. फिरोजशहा मेथांच्या नगरसेवेबद्दल आम्हांला पूर्ण आदर आहे. परंतु ज्या शहराचे ते अनभिषिक्त राजे होते त्या शहराच्या मतदारयादीत शहरातले फारच थोडे लोक होते, हेही खरे.

पुढे १९१९ चा माँटेग्यू-चेम्सफर्ड कायदा आला. मुंबई इलाख्याच्या बहुतेक जिल्ह्यांत ग्रामीण मतदार होण्यास बत्तीस रुपये साऱ्याची जमीन लागे; शहरात ठराविक भाड्याचे घर किंवा प्राप्तिकराची पावती. देशावरच्या कोरडवाहू कुणब्याला बत्तीस रुपये सारा म्हणजे केवढी जमीन झाली हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या वाचकांना कळेल. एक मौजेची गोष्ट अशी की, सैन्यातून निवृत्त झालेल्या शिपायाला मात्र मत्तेची अट नव्हती. म्हणजे पटनीच्या शिपायांनी मागितलेले मत पावणेतीनशे वर्षांनी सातारा-रत्नागिरीच्या पेन्शनर शिपायाला मिळाले! गिरणीमालकांचा संघ, व्यापाऱ्यांची मंडळे, सरदार-जहागीरदार यांना विधिमंडळात स्वतंत्र जागा होत्या. विद्यापीठाच्या पदवीधरांनाही एक होती. कामगारांचा आणि अस्पृश्यांचा प्रतिनिधी मात्र सरकारने नेमावयाचा. १९२१ मध्ये मुंबईने स्त्रियांना पुरुषांच्याच अटींवर मत दिले आणि त्याचे पुष्कळ कौतुक झाले. पण सातबाऱ्यावर ज्यांचे नाव कधी लागतच नव्हते, त्यांना त्या समान अटीचा उपयोग कितीसा होणार? साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात १९२० साली प्रांतिक विधिमंडळांचे मतदार सुमारे त्रेपन्न लाख, म्हणजे शंभरांत दोन-अडीच. दिल्लीच्या वरिष्ठ सभेचे मतदार तर अवघे सतरा हजार. एखाद्या मोठ्या जत्रेत यांहून अधिक माणसे जमतात.

१९२८ साली सायमन कमिशनपुढे डॉ. आंबेडकरांनी सर्व प्रौढांना मत द्या अशी मागणी केली तेव्हा ती अनेकांना अतिरेकी वाटली. निरक्षर माणूस मताचे काय करणार, असे विचारले गेले. याचे उत्तर नऊ वर्षांनी कोकणाने दिले असे आम्हांला वाटते. १९३५ च्या कायद्याने मताधिकार वाढला, मतदार तीन कोटींच्या घरात गेले, आणि १९३७ च्या निवडणुकीत आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष मुंबईच्या विधानसभेत आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामध्ये बसलेला. साऱ्यावर आपला फायदा घ्यावा, वेठ घ्यावी, वाटेल तेव्हा कुळाला उठवावे. कूळ मराठा, कुणबी, आगरी, महार असे सर्व जातींचे. १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत चालून आले आणि कौन्सिल हॉलवर त्यांनी मोर्चा नेला. विधेयक त्या वेळी पास झाले नाही. मताधिकार वाढला होता तरी तो अजून मत्तेच्याच चाळणीतून येत होता, आणि विधानसभेत कुळांपेक्षा कुळांच्या धन्यांचे आप्त अधिक होते. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. मधल्या बारा वर्षांत किती कुळे उठली त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. गरिबाला मताचे काय काम, या प्रश्नाचे उत्तर त्या बारा वर्षांत आहे.

२६ जानेवारी १९५० रोजी घटना अमलात आली आणि मत्तेची अट गेली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्यांत सतरा कोटींहून अधिक नावे होती. जगात एवढे धाडस कोणी केले नव्हते. पश्चिमेतल्या कित्येक राष्ट्रांना जेथे पोचावयास शे-दीडशे वर्षे लागली तेथे आपण एका उडीत पोचलो. परंतु उडी घेण्यापूर्वी दोन महिने, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, घटनासमितीत आंबेडकरांनी जो इशारा दिला तो प्रसिद्धच आहे: राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीच्या आयुष्यात आपण प्रवेश करीत आहोत; ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक ही राज्यरचना उधळून टाकतील. या इशाऱ्याचा पूर्वार्ध अक्षरशः खरा ठरला. उत्तरार्ध खरा झाला नाही. याचे श्रेय लोकांच्या समजूतदारपणाला द्यावे की विषमतेच्या चतुराईला, याबद्दल आमचे मन अद्याप निश्चित झालेले नाही. आयर्टनची भीती मात्र खास खोटी ठरली. निर्धनांनी मते मिळताच मालमत्ता लुटली नाही; जमीनदाऱ्या काढल्या त्याही बहुतेक ठिकाणी नुकसानभरपाई देऊन. मताने मत्तेला गिळले नाही.

उलट घडले काय, ते पाहण्यासारखे आहे. दारातून हाकललेली मत्ता खिडकीतून परत आली. मतपत्रिकेवर तिला जागा उरली नव्हती म्हणून तिने निवडणुकीच्या खर्चात जागा शोधली. उमेदवाराला गाड्या लागतात, कागद लागतो, माणसे लागतात. पैसा कोणी तरी द्यावयास हवा, आणि देणारा तो विसरत नाही. कंपन्यांनी पक्षांना देणग्या देण्यावर १९६९ मध्ये बंदी आली. १९८५ मध्ये ती उठली. २०१७ साली कंपनीच्या नफ्याच्या प्रमाणात असलेली देणगीची मर्यादाही काढून टाकण्यात आली, आणि २०१८ पासून निवडणूक रोखे निघाले: हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंतचे, स्टेट बँकेत मिळणारे, देणाऱ्याचे नाव लोकांना न कळणारे. सहा वर्षांत असे सोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरविली. त्यानंतर नावे बाहेर आली, तेव्हा सर्वांत मोठा खरीददार लॉटरीचा धंदा करणारी एक कंपनी निघाली. तिचे रोखे तेराशे कोटींहून अधिक रुपयांचे होते.

सिसेरोची युक्ती हीच: सर्वांना मत असू द्यावे, फक्त त्याच्या परिणामावर दुसऱ्या कोणाचा हात असावा. एसेनच्या क्रुपशी तुलना केली तर एक फरक जाणवतो. क्रुप किती कर भरतो, किती सभासद निवडतो आणि कोणाला निवडतो, हे साऱ्या शहराला ठाऊक असे. त्याला उभे राहून नाव मोठ्याने सांगावे लागे.

आता आपल्या वर्गापुरते थोडे. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत अठ्ठ्याहत्तर जागा आहेत. त्यांपैकी सात पदवीधरांच्या आणि सात शिक्षकांच्या. या जागांसाठी नावनोंदणीचे अर्ज निघाले की आमच्याकडेही पदवीच्या प्रमाणपत्राची प्रत मागण्यास मंडळी येतात, आणि आम्ही ती आजवर निमूटपणे देत आलो आहो. शेजारच्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईंना विधानसभेपुरते एक मत आहे. आम्हांला ते आहे आणि हेही आहे. १९४८ साली ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीधरांनी जे सोडले ते पुण्या-नागपूरच्या पदवीधरांनी अद्याप हाती धरून ठेवले आहे. पुढच्या खेपेस मंडळी आली म्हणजे काय करावे, याबद्दल आमच्या घरात दोन मते आहेत.